बारक्यांवर पट्टी

मोबाईल दुरुस्त करणाऱ्याने माझा फोन उघडला. आत मोहरीएवढे बारके भाग दाटीने बसलेले. बिघडलेला एकच काढायचा होता. गरम हवेची नळी धरण्याआधी त्याने शेजारच्या भागांवर पिवळी पट्टी चिकटवली.

"एवढं कशाला रे?" मी विचारलं.

"आजी, बिघाड एकात आहे. बाकीच्यांना कशाला भाजायचं?"

थोरल्या जाऊबाईंना हे कुणी शिकवलं नाही. भांडण माझ्याशी होतं, पण त्यांच्या मुलाच्या लग्नात त्यांनी माझ्या तेव्हा सात वर्षांच्या असलेल्या लेकीला भर पंगतीतून हाताला धरून उठवलं. पोरीच्या तोंडात घास तसाच होता. तो घास मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

आता त्याच लेकीच्या मुलीचं लग्न आहे. जाऊबाईंचं अख्खं घर वगळायचं मी ठरवलं होतं. त्या पट्टीकडे बघता बघता बेत बदलला. राग तेवढाच राहिला.

फोन सुरू झाल्यावर दुकानातूनच लावला.

"जाऊबाई, मुलं, सुना, नातवंडं, सगळ्यांना लग्नाला पाठवा. पहिल्या पंगतीला बसवीन, आग्रह करून वाढीन."

"आणि मी गं?"

"तुम्ही घरीच जेवा."