बरणीतली समुद्रफुलं आणि पाळण्याची दोरी

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या वहिनीवर. माझ्या बहिणीच्या पहिल्या मुलीच्या बारशाच्या दिवशी, दुपारी, पाळण्याला झेंडूच्या माळा बांधून झाल्या होत्या आणि आळीतल्या बायका अजून यायच्या होत्या, तेवढ्या वेळात झाला. करणारी माझी आई. आणि तो तिच्यापर्यंत पोचवणारा मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या छापील चोपड्या वाचून मला शाबासकी देणाऱ्यांना ते ठाऊक नाही.

आई माजघरातून म्हणाली, "वहिनीला सांग, मागच्या खोलीत जाऊन बरणीचं पाणी बदलून घे म्हणावं. दिवे लागेपर्यंत तिकडेच राहिली तरी चालेल."

मी जाऊन तसंच सांगितलं. वहिनीच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. ते तिनं खाली ठेवलं. "पाणी सकाळीच बदललंय, भावजी," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि "बरं, पुन्हा बदलते" म्हणून निघून गेली.

लग्नाला अकरा वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. अशा बाईचा हात पाळण्याच्या दोरीला लागू नये, हा आमच्या घरातला नियम. तो कुणी उच्चारत नसे. उच्चारायची लाज वाटते. पाणी बदलायला सांगायची वाटत नाही. स्त्रियांच्या हक्कांवरची माझी आठ पानी चोपडी त्याच आठवड्यात कल्याणच्या शिळाछापखान्यात छापली जात होती. तिची शाई माझ्या बोटांना होती, आणि त्याच बोटानं मी तिला मागची खोली दाखवली.

आता बरणीचं सांगतो. ठाण्यातला एक गोरा अंमलदार विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, मिठाच्या खात्यात कारकून. बाकीच्यांनी खुर्च्या उचलल्या, त्यानं कुणी हात न लावलेली काचेची रुंद बरणी उचलून आणली. आत खारं पाणी, एक दगड, आणि दगडाला चिकटलेले दोन लाल गोळे. मडमेनं ते कुलाब्याच्या खडकांवरून आणवले होते म्हणे. आई म्हणाली, "अरे, लोक लिलावातून कपाट आणतात, तू मांसाचे गोळे आणलेस?" दुसऱ्या दिवशी सकाळी गोळे उमलले. भोवती शेकडो बारीक बोटं, पाण्यात हलणारी. वहिनी बरणीपुढे बसली ती चुलीवरचा भात करपेपर्यंत उठली नाही. समुद्रफुलं हे नाव तिनंच दिलं.

आमच्या घरी मासळी शिजते, त्यामुळे कोळंबीचा एखादा कण काढून ठेवायला अडचण नव्हती. पाणी चेंदणीच्या कोळीवाड्यातली एक कोळीण आणून देई. "भरतीचं पानी हाय बाय, गालून घे," असं दर वेळी बजावी. वहिनी ते फडक्यातून गाळी, आणि रोज सकाळसंध्याकाळ वाटीनं थोडं पाणी काढून उंचावरून परत धार धरी. कोंडलेल्या पाण्यात जीव गुदमरतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा ती महिनाभर कल्याणला माहेरी गेली आणि बरणी माझ्यावर सोपवून गेली. पाणी खाली जाई, मी खाडीचं ओतून भरी. आठ दिवसांत फुलं मिटली ती मिटलीच, सुकल्या बोरासारखी झाली. ती परत आली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ उडत नाही भावजी, पाणी उडतं. तुम्ही खाऱ्यावर खारं ओतत राहिलात. तुमच्या दादांच्या मिठागरात दुसरं काय करतात?"

"मग आता?"

"आता गोडं पाणी. पण एकदम नाही. एकदम दिलं तर मरतील."

चार दिवस ती चमच्या-चमच्यानं विहिरीचं पाणी घालत होती. चौथ्या दिवशी फुलं उघडली. मग तिनं बरणीला बाहेरून एक सुती दोरा बांधला, पाणी कुठवर हवं त्याची खूण म्हणून, आणि मला म्हणाली, "विद्वानांसाठी आहे हा."

तर बारशाची ती दुपार. पुढं बायका जमल्या, पाळणे म्हणायला लागल्या. मला तिथं बसवेना. मागं गेलो. माफी मागावी असं मनात होतं, पण तोंड उघडायच्या आत तिनं हात वर केला. "बोलू नका. इकडे बघा."

मोठं फूल दोन दिवस फुगलेलं होतं. तिला वाटत होतं की ते आता जातंय. आम्ही पाहत असताना मधलं तोंड हळूच उघडलं आणि मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी बाहेर आलं. तरंगत खाली गेलं, दगडावर टेकलं आणि थोड्या वेळानं त्यानं आपली बोटं उघडली. पुरं फूल, फक्त एवढंसं. मग दुसरं आलं. मग तिसरं. वहिनीनं पदराचं टोक दातांत धरलं होतं. बाहेर मुलीच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, बायका हसल्या, तोवर सात झाली होती.

"यांची नावं कोण ठेवणार?" मी म्हणालो.

"तुम्ही ठेवा. मला पाणी बदलायचं काम दिलंय."

हे ती हसत म्हणाली. मला आजही ते ऐकू येतं.

बायका गेल्यावर आई घुगऱ्यांची वाटी घेऊन आली. "काय चाललंय दोघांचं?" म्हणत वाकली आणि वाकलेलीच राहिली. "अगं बाई. ही कुठून आली?"

"तोंडातून."

"तोंडातून? आणि बाप?"

"बरणीत दोघंच होती. कोण कुणाचा नवरा, ते मला अजून कळलेलं नाही."

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "पाचवीला सटवीनं यांच्या कपाळी लिहायचं कुठं? कपाळच नाही यांना." दोघी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "दमली असेल गं ती बाळंतीण," आई म्हणाली, "आज कोळंबी जास्त घाल." तिनं वहिनीच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या, आणि तिचा हात त्या ओंजळीवर थोडा वेळ तसाच राहिला.

माझी आई वाईट नव्हती. तसं असतं तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. बरणीतल्या बाळंतिणीची तिला कणव आली, सुनेच्या हातावर तिनं हात ठेवला, आणि भिंतीपलीकडे पाळण्याची दोरी मोकळी लोंबत होती, ती काही दिली नाही.

पिल्लं वाढली. बरणीत मावेनात तेव्हा कोळणीनं काही मडक्यातून नेली आणि कळव्याच्या बाजूला खाडीतल्या खडकांवर सोडली.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं बारसं झालं. सगळ्या बायकांसमोर मी दोरी उचलून वहिनीपुढे धरली. आई समोरच होती. वहिनीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"नको भावजी. एवढंसं बाळ तुमचं. उद्या काही झालं तर मी तोंड कुठं दाखवू?"

त्या दिवशी तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. पाणी उडून गेलं होतं, मीठ तिच्या आत राहिलं होतं. आणि मी भाषण ठोकायला तोंड उघडलं. माझ्या बायकोनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. दुसऱ्या दिवशी ती सहज म्हणाली, "जाऊबाई, हिला जरा धरा, माझे हात पिठाचे आहेत." तिसऱ्या दिवशी अंघोळीचं निमित्त काढलं. चौथ्या दिवशी दुपारी मी मागच्या खोलीत डोकावलो. पाळणा कुणीतरी बरणीशेजारच्या कडीला आणून टांगला होता. वहिनी एका हातानं वाटीची धार धरत होती, आणि दुसऱ्या हाताच्या एकाच बोटात दोरी अडकवलेली होती. मी आलो तसा मागं फिरलो.

तुमच्या घरात किंवा शेजारी अशी एक बाई आहे. कोण, ते तुम्हाला आत्ता आठवलंच आहे. माझी चोपडी वाचू नका हवं तर. येत्या बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हातात द्या. ती नको म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या.