दत्ताभाऊंचं बसायचं टेबल

दत्ताभाऊंनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नाही. आदिवासी वाडीवरचं माणूस त्यांच्या टिफिन हाऊसच्या पायरीवर चढलं, की तव्यावरची नजर न उचलता ते विचारायचे, "पार्सल ना गं?" पुरुष असला तर "पार्सल ना रं?" माझ्यासारखं कुणी पायरी चढलं तर प्रश्न वेगळा होता: "बसा ना ताई, पंख्याखाली बसा." दोन्ही प्रश्नांत आवाज सारखाच गोड. पण पहिल्याचं उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असायचं, आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला डोसा घेऊन ते माणूस कशेळ्याच्या रस्त्याकडेला उभं राहून खायचं. जीपचा धूर, उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. आतल्या खुर्च्या रिकाम्या.

भाऊ आता कशेळ्यात नाहीत. कुंभिवलीला हायवेवर मोठं हॉटेल टाकून गेले. जाताना त्यांच्या चाहत्यांनी नाक्यावर फ्लेक्स लावला: सर्वांना प्रेमाने जेवू घालणारे, भेदभाव न मानणारे वगैरे. फ्लेक्सवरचा फोटो हात जोडलेला. तो फ्लेक्स वाचला आणि ठरवलं, हे माणूस जसं होतं तसं एकदा लिहून टाकायचं. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांनी निदान फ्लेक्सवर विश्वास ठेवू नये.

दिसायला भाऊ देखणे. कपाळावर गंध, इस्त्रीचा पांढरा सदरा, तव्यासमोर तासन्‌तास उभं राहूनही त्यावर एक डाग नाही. डाग नव्हता कारण डाग पडण्यासारखं काम ते करतच नव्हते. तूर, चणा, मूग, उडीद आणि मूठभर तांदूळ पहाटे भिजवायची, लाल मिरची आणि हिंग घालून जाडसर वाटायची, कोबी, गाजर, कांदा चिरायचा, शेवग्याचा पाला खुडायचा, नारळ खवायचा, चटणी वाटून वर कढीपत्त्याची फोडणी द्यायची, हे सगळं मागच्या पत्र्याच्या खोलीत चांगुणाबाय करायची. चांगुणाबाय कातकरवाडीची. भाऊ पुढे फक्त पीठ तव्यावर पसरवायचे, मधोमध बोटानं भोक पाडायचे, त्यात तेल सोडायचे आणि मुंबईच्या पर्यटकांना सांगायचे, "हा आपल्या हातचा डाळडोसा. मुंबईत उडप्याकडं शिकलो. आंबवायचा नाय, झटपट. पण हाताला चव लागते."

चव होती. ते नाकारण्याइतकी मी खोटारडी नाही. कडा कुरकुरीत, मध्ये जाड आणि मऊ, शेवग्याच्या पाल्याचा किंचित कडवटपणा, आणि त्यावर ती आलं घातलेली खोबऱ्याची चटणी. असा डोसा मी पुन्हा कुठे खाल्लेला नाही. म्हणून तर जास्त संताप येतो.

वाडीवरच्यांना आत का बसवत नाही, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा भाऊंना खरोखर आश्चर्य वाटलं. "मी कुटं अडवतो, ताई? त्यांनाच मोकळ्यावर आवडतं. रानातली माणसं. छताखाली गुदमरतात."

"तुम्ही विचारलंत का त्यांना, बसता का म्हणून?"

"लाजतात हो. लाजणाऱ्याला कशाला लाजवायचं?" मग तव्यावर उलथनं आपटून त्यांचं ठेवणीतलं वाक्य: "तव्याला जात नसते, ताई. लिवून घ्या."

हे वाक्य ते दिवसातून कितीदा म्हणत असतील देव जाणे. आणि पुराव्याला माझ्याकडे बोट. मी कर्जतच्या कोकणी मुसलमान घरातली, वाड्यांवर संघटनेचं काम करणारी. नवं गिऱ्हाईक आलं की माझ्यादेखत सांगायचे, "बघा, रुक्सानाताई आमच्याकडं पंख्याखाली बसून खाते. आजून काय पायजे?" म्हणजे मला खुर्ची दिली ती भूक लागली म्हणून नव्हे. शोकेसमध्ये ठेवायला दिली. संघटनेची पिशवी, खिशाला पेन, तोंडात भाषण. अशी पाहुणी हॉटेलात शोभते. मी त्यांना एकदा म्हटलं, "भाऊ, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, तिथे चांगुणाबायला बसवा." ते मनापासून हसले. "ती काय पाहुणी हाय का? ती घरचीच!"

घरची चांगुणाबाय दुपारी मागच्या पत्र्याखाली पिठाच्या डब्याला टेकून जेवायची. भाऊंच्या घरच्यांपैकी तिथे कुणी जेवल्याचं मला आठवत नाही.

तिची थोरली मुलगी कमळ आश्रमशाळेत शिकली, पुढे शिकली, आणि अलिबागला नर्सिंगला तिचा नंबर लागला. वाडीतली पहिलीच. चांगुणाबायला फार मोठं काही करायचं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की पोरगी अलिबागला जाण्याआधी तिला भाऊंच्या हॉटेलात बसवायचं, स्टीलच्या ताटलीत गरम डोसा द्यायचा, आणि आपणही समोर बसायचं. तिनं हे भाऊंना मोठ्या मुश्किलीनं विचारलं. भाऊ गहिवरले. "अगं, पोरीनं नाव काढलं! दोन डोसे माझ्याकडून. पार्सल ने गं, घरी जाऊन निवांत खा."

संध्याकाळी ती मला स्टँडवर भेटली. हातात ते पार्सल. "रुक्साना, तू त्यांच्याशी बोलतीस ना?" एवढंच म्हणाली. जीप आली, ती चढली. डोसे तिनं खाल्ले की नाही मला माहीत नाही.

पोलिसांत जायचं तर काय सांगणार? 'नाही' असं ते म्हणालेच नव्हते. मग मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं. 'वाटायला चालते, बसायला का चालत नाही?' असं ठळक शीर्षक, खाली सगळी हकीकत, हॉटेलाचं नाव न घेता, पण कशेळ्यात तसं हॉटेल एकच. बाजाराच्या दिवशी आम्ही ते वाटलं. मला वाटलं होतं भाऊ चिडतील, अंगावर येतील. त्या माणसानं पत्रक वाचलं, कौतुकानं मान हलवली, आणि चिकटपट्टी लावून ते हॉटेलच्या दारावर लावलं. "फार छान लिवलंय, ताई. समाजात असली माणसं हायतच. आपला पाठिंबा हाय तुमाला."

आणि पुढच्या आठवड्यात टेबल आलं. हात धुवायच्या बेसिनशेजारी, भिंतीकडे तोंड करून, एक नवं कोरं टेबल. वर फुलाफुलांचं प्लास्टिक, भिंतीवर वारली चित्राचा स्टिकर, आणि रंगवलेली पाटी: 'आदिवासी बांधवांसाठी खास राखीव'. बांधवांसाठी ताटल्याही वेगळ्या, कागदी, चकचकीत. भाऊंनी त्या टेबलाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि तो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लोकांनी हात जोडल्याच्या खुणांचा पाऊस पाडला. वारली लोक इथले नाहीत, इथले ठाकर आणि कातकरी, हे भाऊंना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी म्हणाले असते, सगळे सारखेच की.

कमळ आली ती त्याच्या पुढच्या बाजाराला. ठेवणीतला ड्रेस, केस घट्ट विंचरलेले. चांगुणाबायनं हात धुतले, कमरेचं फडकं सोडून खुंटीला लावलं आणि मागच्या दारानं न येता रस्त्यावरून वळसा घालून पुढच्या पायरीनं आत आली. मी आत होते. भाऊ दोन्ही हात पसरून म्हणाले, "या, या! तुमचं टेबल तयार हाय."

कमळनं पाटी वाचली. भिंतीवरचं चित्र पाहिलं. "भाऊ, आमी हितं बसतो," म्हणाली, आणि पंख्याखालच्या टेबलाची खुर्ची ओढली. तिथे दोन पिकअपवाले खात होते. त्यांनी आपापल्या ताटल्या सरकवल्या. मायलेकी बसल्या.

भाऊ हसतच होते. हसत हसतच त्यांनी हात खाली नेला आणि शेगडीचं बटण फिरवलं. तव्यावर अर्धा भाजलेला डोसा होता, तो तसाच निपचित पडला.

"गॅस संपला," भाऊ म्हणाले.

"सकाळीच नवा बाटला लावलाय मी," चांगुणाबाय खुर्चीवरून म्हणाली.

"संपला म्हंजे संपला गं."

"आवो भाऊ, बाजाराचा दिवस हाय," एक पिकअपवाला म्हणाला. "आर्धा तरी भाजून द्या."

"गॅस संपल्यावर मी काय बोटावर भाजू?"

बाहेर गिऱ्हाइकांची रांग होती. ती पांगली. हॉटेल रिकामं झालं, चटणी आंबली, आणि तरीही भाऊ तव्यासमोर हाताची घडी घालून उभे राहिले, मायलेकी उठेपर्यंत. धंद्याचा पक्का माणूस, कोथिंबिरीच्या काडीवरून वाडीवरच्या बायांशी घासाघीस करणारा. त्यानं बाजाराचा अख्खा दिवस पाण्यात घातला. माणसाच्या मनातला घाणेरडेपणा किती खर्चिक असतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. तोपर्यंत मला वाटायचं, असले लोक फायद्यासाठी तसे वागतात.

कमळ बाहेर आल्यावर रडली नाही. आईला म्हणाली, "जाऊ दे ना आये. पुढच्या बाजाराला मी निघणार हाय, त्या दिवशी बघू." चांगुणाबाय परत पत्र्याच्या खोलीत गेली. राहिलेलं पीठ झाकायचं होतं.

पुढचा बाजार आला तेव्हा हॉटेलात एकही खुर्ची नव्हती. खुर्च्या नाहीत, टेबलं नाहीत, खास राखीवही नाही. भिंतीलगत छातीएवढ्या उंचीच्या फळ्या ठोकलेल्या. सगळं गिऱ्हाईक उभं. "मुंबईत आता सगळीकडं आसंच आसतं," भाऊ मला म्हणाले. चेहऱ्यावर विलक्षण समाधान. "आता तर कुणी बसतच नाय. सगळे समान. टाका तुमच्या पत्रकात." आणि त्याच श्वासात पायरीवरच्या कातकरी म्हाताऱ्याला, "आत गर्दी हाय रं बाबा, तुला बाहेरच देतो."

मला पत्रक सुचेना. लिहिणार काय? खुर्च्या परत आणा?

कमळची अलिबागची गाडी दुपारची होती. ती पिशवी घेऊन नाक्यावर आली, आणि तिच्याबरोबर बाजार उरकलेल्या वाडीच्या बाया. पुढे बुधीआजी. ही रानातली भाजी विकायला बसते आणि गिऱ्हाइकाला तोंडावर शिव्या घालते. भाऊ दर आठवड्याला शेवग्याचा पाला तिच्याकडूनच घ्यायचे. रिकाम्या टोपल्या दाराशी ठेवून सगळ्या आत शिरल्या आणि हॉटेलच्या मधोमध, फरशीवर, मांडी घालून बसल्या. बाजारात दिवसभर बसतात तशाच, ऐसपैस. मध्ये कमळ.

"अगं, अगं, काय हे?" भाऊ ओरडले. "लोक उभे हायत. पाय लागंल तुमाला!"

"लागू दे. आमी काय काचंच्या हाव?" बुधीआजी म्हणाली. "आण, ताटलीत आण. कागदात नको."

"म्हातारे, खाली बसायचं नाय हितं."

"मग खुर्ची दे."

उभं असलेलं गिऱ्हाईक हसायला लागलं. भाऊंचा हात शेगडीच्या बटणाकडे गेला. मागून चांगुणाबाय दारात आली. "भाऊ, दुसरा बाटला भरलेला हाय," ती म्हणाली. "आणू?"

हात तिथंच थांबला. बुधीआजी भाऊंकडे मान वर करून बघत होती. "खुर्च्या उचलल्यास," ती म्हणाली, "आता भुई कुटं नेशील रं?"

मागच्या बाजारातला एक पिकअपवाला उभ्यानं खात होता. "भाऊ, माझंबी गुडघं दुखतंय," म्हणत तो ताटली घेऊन खाली बसला. मग एक शिक्षक बसले. मग मीही बसले. पाय ठेवायला जागा उरली नाही. पीठ तव्यावर पडलं, भोक पडलं, तेल सुटलं. भाऊ खाली मान घालून डोसे उलटत होते. पहिल्यांदा त्यांच्या सदऱ्यावर पिठाचा शिंतोडा उडाला.

चांगुणाबायनं कमरेचं फडकं सोडलं आणि लेकीसमोर येऊन बसली. ताटल्या आल्या, स्टीलच्या. कमळनं पहिला घास मोडून आईच्या तोंडात दिला. चांगुणाबायनं तो सावकाश चावला, चटणीत बोट बुडवून चाखलं, आणि भाऊंकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "चटणीत मीठ कमी हाय."

चटणी सकाळी तिनंच वाटली होती. भाऊंनी एकदा सगळ्या हॉटेलाकडे पाहिलं, मग तव्यामागून बाहेर आले, वाकले, आणि तिची चटणीची वाटी बदलून द्यायला घेऊन गेले.