गोकुळाचा पट्टा

कुरखेड्याकडच्या त्या ढिवरांच्या गावात जाळं विणण्यात गोकुळाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं की अख्खं गाव मिळून महाजाळ टाकायचं. प्रत्येक घरानं जाळ्याचा आपला पट्टा विणून तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवर आणायचा, शेजारच्याच्या पट्ट्याला गाठवायचा आणि त्या सांध्याला देवीपुढं कापलेल्या कोंबड्याचं रक्त लावायचं. ज्याचा पट्टा जाळ्यात, त्याचा मासळीत वाटा. ज्याचा नाही, तो गावात असून नसल्यासारखाच.

१९८४ सालच्या उन्हाळ्यात तिचा नवरा लटारू पाळीवर आलाच नाही. दोन वर्षांपूर्वी तो तापानं मरता मरता वाचला होता. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा एक अनोळखी माणूस त्याच्यासाठी रोज येशूकडे मागणं मागायचा. तेव्हापासून लटारू येशूचा झाला, त्यानं कोंबडं कापणं सोडलं, आणि जातपंचांनी त्याला वाळीत टाकलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. लटारूनं कुणाशी वैर केलंच नव्हतं, पण हे ऐकायला बसलंय कोण!

गोकुळाचं दुखणं वेगळंच होतं. तीही घरात दार लावून त्याच्याबरोबर गुडघे टेकायची. विहिरीवर बायांनी विचारलं की मात्र म्हणायची, "त्यायचं त्यायले माहीत. मी नाई त्यातली." घरी आल्यावर तिला स्वतःचीच शिसारी यायची. लटारू यावरून कधी रागावला नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं.

जाळं टाकायचे दिवस जवळ आले तसं घराभोवती काहीतरी शिजू लागलं. उंबऱ्यावर शेंदूर फासलेलं लिंबू आलं. मग लटारूच्या डोंग्याच्या, त्या छोट्या होडीच्या बुडाला कुऱ्हाडीचे घाव. आणि आदल्या दिवशी कुणीतरी घराच्या कुडाला वाळल्या गवताच्या पेंढ्या टेकवून गेलं. पेटवल्या नव्हत्या, नुसत्या ठेवल्या होत्या. त्या पाहून गोकुळाच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू जा पाळीवर," सकाळी लटारू म्हणाला. "रक्त लाव, त्यायले पाह्यजे ते म्हण. घर तरी राहीन."

पाळीवर पंचांचे म्होरके बापूजी रक्ताची वाटी घेऊन उभे होते. शेजारचा पट्टा केसरबाईचा, लहानपणच्या मैत्रिणीचा. तिनं आज पदर आवरून घेतला. गोकुळानं दोन्हीकडच्या पट्ट्यांना गाठी मारल्या, आणि त्या नेहमीसारख्याच घट्ट बसल्या.

"लाव बाई," बापूजी म्हणाले. "एवढं केलं का तू आमची. मंग तो राहीन एकटा. त्याचं काय करायचं ते आमी पाहून घेतो."

तिचा हात वाटीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. लटारू घरात एकटा आणि कुडाला त्या पेंढ्या, एवढंच तिला दिसलं. मग कोणतं घर राखायला आलो आपण?

"मी रक्त लावत नाई, भाऊ," ती म्हणाली. "मी बी येशूचीच आहो. आतापर्यंत तुमाले खोटं सांगत होतो."

बापूजींनी सुरीनं दोन्हीकडचे सांधे कापले आणि तिचा पट्टा तिच्या अंगावर फेकला. उरलेली टोकं केसरबाईनं जोडली.

"जाळं आखूड पडन, बापूजी," ती हळूच म्हणाली.

"देवी पाहून घेईन."

गोकुळा पट्टा खांद्यावर टाकून घरी आली. तो पाहताच लटारू काय ते समजला.

"काऊन सांगितलं, गोकुळा? भेव नाई वाटलं?"

"लय वाटलं. आत्ता बी वाटून राह्यलं."

थोड्या वेळानं तलावाकडून आरडाओरडा ऐकू आला. जाळं पलीकडच्या काठाला पुरलंच नव्हतं, आणि मासळी टोकाजवळून निसटून गेली होती. जाळं कुणी कापलं हे कुणीच बोलत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी लटारूचं आणि गोकुळाचं नाव होतं. माणसं पाळ उतरून इकडंच निघाली, आणि पुढच्याच्या हातात पेटता पलिता होता.

सवयीनं गोकुळाचा हात दाराकडे गेला. प्रार्थनेआधी ती नेहमी दार लावायची. आज तिनं ते सताड उघडलं आणि उंबऱ्याशी नवऱ्याच्या शेजारी गुडघे टेकले.

"मोठ्यानं म्हणा," ती म्हणाली. "आयकू द्या त्यायले."