दाजींचा मुआयना

हैदराबाद शहरातली यच्चयावत हॉटेलं, खानावळी आणि भोजनालयं आतून-बाहेरून पारखलेला, आणि तरीही त्यांतल्या एकाही ठिकाणी आपण होऊन बायकोच्या आधी घास न घेतलेला माणूस या जगात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. दाजींचं बोथ या लांबच्या गावी किराणा दुकान. मी तेव्हा हैदराबादेत एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि सुलतान बाजारात भाड्याच्या खोलीत राहत होतो. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, हाली सिक्का जाऊन कलदार रुपया आला होता आणि शहरातल्या हॉटेलवाल्यांनी या सगळ्या उलथापालथीतून एकच बोध घेतला होता, तो म्हणजे भाव वाढवण्याचा. कापूस बाजारात येऊन गेला की दाजी दरवर्षी अक्काला आणि दोन्ही मुलींना घेऊन नुमाईशीचं मोठं प्रदर्शन दाखवायला यायचे. माझ्या खोलीत चूल पेटवायला घरमालकाची सक्त मनाई होती. पहिल्या वर्षी अक्कानं ट्रंकेत लुगड्यांखाली तवा लपवून आणायचा बेत केला होता. दाजींनी तो निर्मलला बस थांबल्यावर हुडकून काढला, तिथल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवला आणि परतीच्या वाटेवर इमानदारीनं सोडवून घेतला.

त्यामागचं कारण दाजी कुणापासून लपवत नसत. आमच्याकडे बायका सगळ्यांत शेवटी जेवायच्या. आधी पुरुष, मग पोरं, मग आलागेला, मग दुकानातला नोकर, आणि सगळं आवरल्यावर अक्का. तोवर भाकर चामड्यासारखी झालेली असायची आणि भाजीचं पातेलं खरवडावं लागायचं. अक्काची याबद्दल कधी कसलीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती दाजींची. "लगन झाल्यापासून माह्या बायकोनं फुगलेली भाकर तव्यावरून खाल्ली नाही," हे वाक्य ते घरात दरोडा पडल्याची वर्दी द्यावी तसं बोलत. बोथला इलाज नव्हता. घरात त्यांच्या आई होत्या, आणि या बाबतीत अक्का तर सासूहून कडक होती. तेव्हा जे काय करायचं ते हैदराबादेत, परक्या चुलीवर आणि खिशाला झेपेल त्या भावात करायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

या शोधाला ते मुआयना, म्हणजे तपासणी, म्हणत. हा शब्द त्यांनी तहसील कचेरीतून उचलला होता आणि तिथला रुबाबही सोबत आणला होता. अक्का आणि मुली खोलीवर प्रवासाचा शीण काढत असताना दाजी काळी टोपी चढवून, छत्री बगलेत मारून मला घेऊन निघायचे. हॉटेलात असे शिरायचे की गल्ल्यावरचा मालक निम्मा उठून उभा राहायचा. आधी पाणी मागून तांब्या हुंगणार, मग बाकड्यावर बसून मुलींचे पाय जमिनीला टेकतील का ते पाहणार, मग खास ठेवणीतल्या हिंदीत विचारणार, "औरतों को हात धोने को आडोसा है क्या?" एका इराण्याकडे कुटुंबांसाठी पडदे लावलेल्या खोल्या होत्या. पडदा जमिनीपर्यंत पोचत नाही, हे त्याला पटवून देण्यासाठी दाजींनी तो सर्रकन ओढला, तर आत एक जाडे वकील बूट काढून घोरत होते. दाजींनी त्यांना नमस्कार केला, पडदा परत लावला आणि मालकाला म्हणाले, "देखो, साहब के पाय दिखते." एका बड्या हॉटेलात वेटरनं समोर काटे-चमचे मांडले. दाजींनी काटा उचलून उजेडात धरला. "मेहुने, असं दाताळं आपल्या घरी हाय. गवत ओढायले," असं म्हणून ते उठले. पुढे कित्येक महिने मला त्या रस्त्यानं जायची लाज वाटत होती.

एवढं करूनही पहिली दोन-तीन वर्षं मुआयना पास झालेल्या हॉटेलात अक्का नापास होत राहिली. पहिलं ताट तिच्यापुढे आलं की ती ते दाजींकडे सरकवायची, दुसरं माझ्याकडे, मग मुलींकडे. शेवटचं तिचं म्हणून उरायचं, त्यावर दुसरी थाळी पालथी घालून ती हात मांडीवर ठेवून बसायची. "आवो, तुमी जेवा आदी. माह्यं काय पळून चाललं का?" दाजी नाइलाजानं घाईघाईनं जेवायचे, त्यांना ठसका लागायचा, अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि तोवर वरणावर साय धरलेली असायची. बरं, तिच्याआधी कुठेतरी गुपचूप जेवून यायलाही ते तयार नव्हते. शहरात तरी आपण होऊन तिच्या आधी जेवायचं नाही, असा त्यांनी स्वतःशीच पण केला होता.

शेवटी काचीगुड्याच्या एका बोळात त्यांना अम्मा सापडली. ही तेलुगू विधवा बाई राहत्या घरातच खानावळ चालवायची. बायका-पोरांना आतल्या खोलीत चुलीजवळच बसवायची, पत्रावळी मांडायची आणि तव्यावरची ज्वारीची भाकर थेट पानात टाकायची. भाव माझ्यासारख्या कारकुनालाही परवडेल असा. दाजी तांब्या हुंगायलासुद्धा विसरले. दुसऱ्या दिवशी सगळे पानावर बसलो, तर दाजी दारातच उभे. "मी जेवून आलो. रस्त्यात एक वळखीचा भेटला, त्यानं सोडलंच नाही," असं म्हणत त्यांनी एक मोठी ढेकर दिली. इतकी खोटी ढेकर मी उभ्या आयुष्यात ऐकलेली नाही. पण नवरा जेवला आणि आमची पानं वाढून झाली म्हटल्यावर अक्काची अडचण संपली. अम्मानं टम्म फुगलेली भाकर तिच्या पानात टाकली आणि म्हणाली, "तिनंडम्मा, तिनंडि!" अक्काला तेलुगू फारसं कळत नव्हतं, पण खाण्याचा आग्रह कुणालाही कळतो. तिनं भाकरीला बोट लावलं, वाफेचा चटका बसला, तिनं हात झटकला आणि खुदकन हसली. लग्नानंतर तिला असं हसताना मी प्रथमच पाहिलं. दारातल्या दाजींनी मान वळवली आणि उगाच छत्री उघडून मिटली.

जेवणं झाल्यावर अक्का मुलींना घेऊन अंगणात हात धुवायला गेली. मी पाणी प्यायला आत आलो, तर दाजी चुलीपाशी उकिडवे बसून पातेल्याच्या तळाचा गार भात जेवत होते. अम्मा कपाळावर हात मारून तेलुगूत काहीबाही बोलत होती.

"हे काऊन, दाजी?" मी विचारलं.

"काई नाही. पाहून राह्यलो, थंडा भात कसा लागते ते."

"मग? कसा लागतो?"

ते थोडा वेळ चावत राहिले. "वाईट लागते, मेहुने. लय वाईट लागते."

मग दरसाल हेच चाललं. दरसाल तो ओळखीचा भेटायचा, दरसाल दाजी जेवून यायचे. पुढे राज्याचेच तीन तुकडे झाले. कचेरीतल्या आम्हा मराठी लोकांची रवानगी औरंगाबादला झाली आणि बोथ आंध्रात राहिलं. मला निरोप द्यायला दाजी मुद्दाम हैदराबादला आले. "तुमी त्या राज्यात, आमी या राज्यात. पन अम्माची भाकर कोन्त्याबी राज्यात फुगते," असं म्हणून हसले आणि माझी ट्रंक स्वतः उचलून गाडीत ठेवली. मी गेल्यावरही त्यांनी आपला नेम मोडला नाही. अक्काला ते दरवर्षी न्यायचे, अगदी शेवटच्या आजारापर्यंत.

ते गेल्यानंतर मी बोथला गेलो. मुलींच्या पाठीवर झालेल्या मुलाचं आता लग्न झालं होतं; त्या सुनेनं पहिली भाकर अक्काच्या ताटात टाकली. मी पाहुणा, त्यातून भाऊ. आता ती ताट माझ्याकडे सरकवणार, म्हणून मी हात पुढे केला. तिनं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

"थांब बाबू, तुहीबी येऊन राह्यली," ती म्हणाली. "हे मले गरमच खा लागते. त्याईनं त्या अम्माच्या चुलीपाशी बसून इतके वर्ष थंडं खाल्लं. ते वाया कायले जाऊ द्याचं?"

मी तिला त्याबद्दल कधी एका शब्दानं बोललो नव्हतो. तिनं भाकरीला बोट लावलं, चटका बसला तसा हात झटकला. या वेळी ती हसली नाही, पण भाकर मात्र गरम होती तोवरच संपवली.