म्हशीची क्रियापदं

बाळापूरच्या नगमाचं माहेर अकोल्यात, तिसऱ्या मजल्यावर. जनावरांशी तिचा संबंध गॅलरीतल्या कबुतरांपुरता. पुण्यात ती जर्मन शिकली आणि लग्नानंतर घरी बसून भाषांतरं करू लागली. बोंडअळीच्या वर्षी लोकांनी उभी कपाशी उपटली, तसे नवरा साजिदच्या दुकानात फवारणीचे पंप दुरुस्तीला येईनासे झाले. तो दुपारी घरीच असे. त्याच सुमारास नगमाकडे एक जर्मन पुस्तक इंग्रजीत करायला आलं : गोठ्यातल्या जनावरांच्या सवयी.

पहिलं प्रकरण तिनं शब्दकोश उघडून पार पाडलं. लंडनच्या संपादकबाईंनी ते लालभडक करून परत पाठवलं. ‘म्हैस आरामासाठी स्वतःला चिखलात फिरवते, असं कोणता शेतकरी बोलतो?’

“मूळ शब्द काय हाय?” साजिदनं विचारलं.

“झूलन.”

“म्हैस झुलते? पाळण्यात?”

दुसऱ्या दिवशी वही घेऊन नगमा शेजारच्या पार्बताबाईंच्या गोठ्यात गेली. त्यांच्या चार म्हशी होत्या, आणि तोंड फटकळ.

“मावशी, म्हशी काय काय करतात?”

“मले कायले इचारतं? तिले पाह्य.”

नगमा वाकून पाहू लागली. म्हशीनं मान वर करून तिच्या अत्तराचा वास घेतला आणि अशी फुरफुरली, की वही आणि चष्मा दोन्ही ओले. चष्मा पुसायच्या आधी नगमानं लिहिलं : स्नॉर्ट. आदल्या आठवड्यात तिनं याच्या जर्मन शब्दाचं इंग्रजीत ‘नाकानं नाराजी व्यक्त करणे’ केलं होतं.

दुपारी म्हशी नदीवर गेल्या, मागून नगमा. एकीनं डबक्यात अंग टाकलं, कूस बदलली. चिखल काठावर उडाला.

“लोळून राहिली,” पार्बताबाई म्हणाल्या.

“वॉलो!” इंग्रजी शब्द सापडला तशी नगमा आनंदानं ओरडली.

“बोलावू नोको व तिले! अंगावर येईन.”

कोंबडी माती कशी उकरते, ते साजिदनं अंगणात स्वतः करून दाखवलं. नेमकं तेव्हाच त्या महिन्यातलं एकुलतं गिऱ्हाईक दारात आलं, आणि पंप न ठेवताच गेलं.

शेवटी रवंथावर अडलं. संपादकबाईंना ‘रुमिनेट’ हवं होतं. नगमानं कळवलं, की त्याचा अर्थ विचार करणे असाही होतो. म्हैस विचार करत नाही, चघळते. तरी खात्री करायला तिनं पार्बताबाईंना विचारलं.

“इचार तं करते,” त्या म्हणाल्या. “लाथ कोनाले मारू, हा.”

हे नगमानं लंडनला कळवलं नाही. ‘च्यू द कड’ छापलं गेलं. वडीलधाऱ्यांपुढे कधी तोंड न उघडणारी ती, एका शब्दासाठी साहेबिणीशी भांडली आणि जिंकली.

पुस्तक आलं तशी ती ते घेऊन गोठ्यात धावली. आतल्या पानावर तिचं नाव होतं. पार्बताबाईंनी ते पान उलटून जर्मन म्हशीचा फोटो डोळ्यांजवळ धरला.

“लय वाळली हाय,” त्या म्हणाल्या. “सरकी नाई देत वाट्टे हिले.”