ती चिप गरम होणारच होती

चहा गार होऊ देऊ नका, घोट घेत घेत ऐका. मी आयुष्यात भरपूर माती खाल्ली, पण सगळ्यात मोठा घास खाल्ला तो आमच्या टोकावड्याच्या स्टँडवर, भर रविवारी, बघायला गर्दी असताना. आणि ती गर्दीसुद्धा मीच जमवलेली! एक मात्र आधीच सांगतो. माझं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. हसायचं तर हसा.

झालं असं, एका मोठ्या कंपनीने गेम खेळायच्या नव्या मशीनची घोषणा केली. मशीन बाजारात यायला अजून कैक महिने होते, पण त्याच्या प्रोसेसरचं नुसतं चित्र आलं आणि इंटरनेट वेडं झालं. काय तर म्हणे, चिपचे भाग शेजारी शेजारी न ठेवता एकावर एक थर रचलेत. त्याने वेग वाढतो. एका मराठी चॅनेलवर त्याचा व्हिडिओ होता, आणि खाली कमेंटमध्ये लोक आरती ओवाळत होते. क्रांती काय, इतिहास काय! एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलेलं. अरे, चित्र बघून? मशीनला अजून कोणी हात लावला नाय, आणि ह्याला हुंदके!

मी मुरबाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला असतो. जेवणाच्या सुट्टीत हे वाचलं आणि माझं टाळकं सरकलं. आमी भात करणारी माणसं. कापलेल्या भाताचे भारे एकावर एक रचून खळ्यावर उडवी घालतो. भारे जरा ओले राहिले आणि उडवी दाबून रचली, तर ती मधून अशी तापते की आत हात घालवत नाय. मी तेच लिहिलं, की थरावर थर रचले तर मधला थर तापणारच, पटत नसेल त्याने आमच्या खळ्यावर यावं, ही चिप गरम होणार म्हणजे होणार.

बापरे, काय तुटून पडले लोक! कोणी मला 'भात इंजिनिअर' म्हटलं, कोणी विचारलं की ह्या चिपला पेंढा किती निघेल. त्यात 'घाटातला वाघ' नावाचं एक खातं होतं, फोटोत जबडा उघडलेला वाघ. ते तर हात धुऊन मागे लागलं. मी एक लिहावं, वाघाने चार लिहावीत. मशीन गार ठेवायला कंपनीने आत काय काय सोय केलीय, सगळं तोंडपाठ. शेवटी वाघाने लिहिलं, "तू पेंढ्या बांध, चिपचं आमी बघतो."

आता तुमीच सांगा, हे ऐकून घ्यायचं? मी लिहिलं, हिंमत असेल तर टोकावड्याच्या स्टँडवर ये, समोरासमोर बोलू. मला वाटलं असेल कुठला तरी शहरातला पोरगा, खुर्चीतून उठायचा नाय. तर लगेच उत्तर, "रविवार. सकाळची एसटी. तयार रहा."

इथे एक गोष्ट सांगायला पायजे. त्याच दिवसांत माझं लग्न जमत आलं होतं. मुलगी वैशाखऱ्याची, वृषाली. तिची आई शेवंतामावशी, घाटाच्या रस्त्यावर ढाबा चालवते. आमी मुलगी बघायला गेलो तेव्हा मावशींनी एवढंच विचारलं, पोरगा भांडखोर नाय ना? माझ्या आईने छातीठोक सांगितलं, गाय आहे गाय. पसंती झाली, साखरपुड्याची तारीख तेवढी ठरायची होती. आणि वृषाली मला मनापासून आवडली होती, त्यात लपवायचं काय? म्हणून आईने आदल्या दिवशी बजावलं, स्टँडवर तमाशा नको, वैशाखरं लांब नाय, त्यांच्या कानावर गेलं तर जमलेलं मोडेल. मी म्हटलं, मी जाणार. आपण माघार घेत नाय.

रविवारी मी सांगितलं म्हणून माझा दोस्त बाळ्या अख्खी क्रिकेटची टीम घेऊन आला. हातात बॅटी, स्टंप. कोणी विचारलंच तर म्हणे प्रॅक्टिसला चाललोय. एसटी आली, माणसं उतरली, पण त्यात भांडायला आलेला पोरगा काही दिसेना. शेवटी पदर खोचून, पिशवी सावरत शेवंतामावशी उतरल्या. मला वाटलं बाजाराला आल्या असतील. लगबगीने पुढे झालो, पाया पडायला वाकलो. मावशींनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. त्यावर वाघ.

"उडवीवाला कोण रे तुमच्यातला?"

टीम मागे सरकली. बाळ्याने, माझ्या जिवाभावाच्या दोस्ताने, स्टंपने माझ्याकडे दाखवलं.

नंतर कळलं ते असं. मावशींचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्याचं जुनं मशीन घरीच राहिलेलं. दुपारी ढाब्यावर गिऱ्हाईक नसलं की मावशी त्यावर गाड्या पळवतात. नवीन मशीन आलं की पाठवतो, असा मुलाने शब्द दिलेला, आणि त्या मशीनला मी गावभर नावं ठेवत होतो.

"तू होय?" मावशी म्हणाल्या. "शब्द मागं घे, विषय संपव."

शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी म्हटलं, "मावशी, तुमच्या पाया पडतो. पण चिप गरम होणार."

मावशींनी मोबाइल पिशवीत टाकला.

"मशीन येऊ दे," मावशी म्हणाल्या. "गरम झालं तर मी सोता साखरपुडा करीन. नाय झालं तर माझी पोरगी विसर." आणि समोरून येणाऱ्या गाडीला हात करून निघूनही गेल्या. घरी आई म्हणाली, गाय म्हणाले ते चुकलं, बैल म्हणायला पायजे होतं.

मग सुरू झालं ते वाट बघणं. मशीन बाजारात आलं आणि लोक ऑनलाइन लिहायला लागले, एकदम गार चालतं, आवाजसुद्धा नाय. मी एकेक कमेंट दोन दोनदा वाचायचो. वृषालीचा मेसेज आला, तुमी सॉरी म्हणणार नाय का? मी लिहिलं, नाय. तिने लिहिलं, बरं. त्या 'बरं'चा अर्थ लावता लावता माझी झोप उडाली.

शेवटी बोलावणं आलं, मी आईला घेऊन गेलो. ढाब्यावर टीव्हीखाली, भिंतीला लागून मशीन ठेवलेलं. मावशी गाडी पळवायला बसल्या, आणि मी गावदेवीला हात जोडले. लोक पावसासाठी नवस बोलतात, मी गरमीसाठी बोललो! बराच वेळ काही होईना. आई तर पायात चपला घालून बसली होती. आणि एकाएकी पडद्यावर अक्षरं आली, मशीन फार तापलंय, बंद करतोय. मावशींनी वर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"तापलंय," त्या म्हणाल्या. "तारीख धरा."

मी बाजेवर चढून नाचलो. तिथल्या तिथे फोटो काढला आणि जितके मला हसले होते त्या एकेकाच्या खाली टाकला. लिहिलं, भात इंजिनिअरला सलाम करा. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा ते नाव टाकायचं माझ्या मनात होतं, आईने हाणून पाडलं.

लग्न झालं. मग एकदा मी असाच पाव्हण्यांना हा विजय रंगवून सांगत होतो. ते गेल्यावर वृषाली म्हणाली, "त्या भिंतीच्या पलीकडं काय हाय, बघितलंत का कधी?"

"काय आहे?"

"ढाब्याची भट्टी. तुमी यायच्या आधीपासून मी लाकडं सारत होते."

मी आधी दार लावून घेतलं. विचारलं, तुझ्या आईला हे कळलं तर?

"मशीन भिंतीला लावून ठेवलं कोणी? आईनंच. म्हणाली, पोरगा चांगला हाय, पण तो काय माघार घ्यायचा नाय, आपणच काय ते करू."

हसा, हसा. पण मला एवढंच सांगा, चिप गरम झाली का नाय?