उघडं दार

परवा नातीच्या नाचासाठी गल्लीतल्या कलाकेंद्रात गेले. मागचा जुना पडदा सोडला आणि सरस कालवलेल्या रंगाचा कुबट वास नाकात शिरला.

तो पडदा दस्तगीरचाचांनी रंगवलेला. गल्लीच्या नाटकाला गल्लीचंच चित्र हवं, म्हणून ते इथंच कापड पसरून बसायचे आणि जो तो आपलं घर शोधायला डोकवायचा. एका दुपारी आई त्यांना चहा घेऊन आली आणि चित्रातल्या आमच्या घराशी थबकली.

"चाचा, आमचं दार उघडं काढा की."

"वैनी, समद्यांची मिटलेलीच हायती."

"असूद्यात. आमचा सुरेश न सांगता गेलाय. कवा आला तर?"

मला हसू फुटलं. "आई, नाटकाचा पडदा हाय त्यो!" चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी दार पुसलं आणि तिथं पिवळा उजेड भरला.

आता चाचा नाहीत, आई नाही. घराच्या जागी दुकानं झाली. माझा भाऊ सुरेश काही आला नाही.

नाच संपला. पोरं पडदा गुंडाळायला धावली.

"लगेच नको रे," मी म्हणाले, "जरा ऱ्हाऊ द्या की."